लवंगेच्या बेटावर एक दिवस

लवंग ही आपल्या पेढीवरची जुनी, ओळखीची वस्तू. तिची टोपी शाबूत आहे की गळाली आहे, मालात देठ किती, दाणा नखाने दाबल्यास तेलाची ओल सुटते की नाही, एवढे पाहून आपल्या वाडवडिलांनी पोत्यांचे सौदे केले. तेल काढून घेतलेला माल ओळखण्यास त्यांना पाण्याची एक वाटी पुरत असे. चांगली लवंग देठ खाली करून बुडते किंवा पाण्यात उभी राहते. निःसत्त्व झालेली आडवी तरंगते. दिगंबर पूजेत आह्वानाच्या वेळी ठोण्यात ठेवावयाची ती लवंगच, विड्यास टोचावयाची तीच, आणि दाढ दुखू लागली म्हणजे मध्यरात्री शोधावयाची तीही तीच. आपल्या बाजारात ‘झांजीबारी’ हा शब्द तर एका गावाचे नाव म्हणून नव्हे, मालाच्या प्रतीचे नाव म्हणून रुळला होता. मात्र ज्याने लवंगेचे झाड डोळ्यांनी पाहिले आहे असा सभासद आपल्यात विरळाच आढळेल.

ते झाड पाहावे या हेतूने, चातुर्मास संपल्यावर, आम्ही काही व्यापारी कुटुंबांतील अकरा मंडळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या त्या बेटावर गेलो. तेथील एका दिवसाच्या सहलीचा वृत्तान्त सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. प्रवासवर्णनात सागराच्या निळाईचे जे वर्णन अपेक्षित असते ते येथे थोडे आहे. सागर निळा आहे, वाळू पांढरी आहे, नारळी वाऱ्यावर डोलतात. हे सारे खरे आहे आणि कोकण व गोवे पाहिलेल्या माणसास ते नवे नाही.

झांजीबार हे वस्तुतः बेटांच्या समूहाचे नाव आहे. ज्यास आपण झांजीबार म्हणतो त्या मुख्य बेटाचे नाव उंगुजा. त्याची लांबी सुमारे ८५ किलोमीटर. त्याच्या उत्तरेस पेंबा नावाचे दुसरे बेट आहे आणि लवंगेचे खरे आगर आज तेच होय. भूमध्यरेषेच्या दक्षिणेस सहा अंशांवर हा प्रदेश असल्याने दिवस व रात्र वर्षभर जवळजवळ सारखी. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा ज्यांचा नियम आहे त्यांना तेथे पंचांग चाळावे लागत नाही.

सहलीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वाटाड्याने ‘सा म्बिली’ वाजता निघू असे सांगितले. म्हणजे शब्दशः दोन वाजता. मंडळी बुचकळ्यात पडली. मग त्याने हसून उलगडा केला की स्वाहिली भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले आठ म्हणजे त्यांचे दोन. आपली घटिका व प्रहरांची गणना याहून निराळी कोठे होती? आमच्यातील वयोवृद्ध काकूंस ही पद्धत इतकी पसंत पडली की त्या दिवशी त्यांनी घड्याळ पाहिलेच नाही.

भाषेचा विषय निघालाच आहे तर येथेच सांगतो. स्वाहिलीत दुकानास ‘दुका’ म्हणतात, लाखास ‘लाकी’, पैशास ‘पेसा’, विम्यास ‘बिमा’, गाडीस ‘गारी’. हुंडीस ‘हुंडी’च म्हणतात! वेलची ती ‘इलिकी’, दालचिनी ती ‘म्दालासिनी’, मिरी ती ‘पिलिपिली’. आपल्या देशाचे व्यापारी कोणत्या मालाच्या व कोणत्या व्यवहाराच्या निमित्ताने त्या किनाऱ्यावर पोहोचले याची ही यादीच म्हणावयाची. चलनाचेही तसेच. प्रथम आपलाच रुपया तेथे चाले. पुढे १९०८ मध्ये झांजीबारचा स्वतःचा रुपया निघाला, त्याचेही मोल आपल्या रुपयाइतकेच राखले होते, आणि तो १९३५ पर्यंत चालला.

ठरल्याप्रमाणे आठास आम्ही जुन्या शहरातून पायी निघालो. या भागास पाषाणनगरी म्हणतात. प्रवाळाच्या दगडांची उंच घरे आणि त्यांमधून दोन माणसे जेमतेम जातील अशा गल्ल्या. २००० साली युनेस्कोने हे शहर जागतिक वारशाच्या यादीत घातले. घरांचे कोरीव दरवाजे पाहण्यासारखे आहेत. कित्येकांवर पितळेचे टोकदार खिळे बसविलेले असून, हत्तीने धडक देऊ नये म्हणून अशी योजना हिंदुस्थानात असे, असे वाटाड्याने सांगितले. बेटावर हत्ती नव्हते आणि गल्लीत तर शिंगरूही वळणार नाही. खिळे आले ते डौलासाठी, आपल्या वाड्यांच्या दरवाजांवर यावेत तसे.

बंदरासमोर सुलतान बरघश याने १८८३ मध्ये बांधलेला ‘अद्भुत महाल’ आहे. त्या किनाऱ्यावर विजेचे दिवे प्रथम येथेच लागले. २५ डिसेंबर २०२० रोजी दुरुस्तीचे काम चालू असताना या महालाचा मोठा भाग कोसळला. जवळच थारिया टोपण या कच्छी खोजा व्यापाऱ्याने उभारविलेल्या दवाखान्याची सुंदर इमारत आहे. तिचा पाया १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त घातला गेला. ती पुरी होण्यापूर्वीच टोपण वारले आणि काम त्यांच्या पत्नीने १८९४ मध्ये तडीस नेले. लाकडी सज्जे, रंगीत काचा, नक्षीची झालर: क्षणभर आपण सौराष्ट्रातील एखाद्या श्रीमंत पेठेत उभे आहो असे वाटते.

गोव्याकडील मंडळींस या शहराशी आपला संबंध सांगावयास नको. १४९९ मध्ये परतीच्या वाटेवर वास्को द गामा या बेटावर थांबला आणि त्यानंतर सुमारे दोन शतके हा किनारा पोर्तुगीजांच्या वर्चस्वाखाली, म्हणजे गोव्यातील व्हाइसरॉयच्या छत्राखाली होता. १६९८ मध्ये ओमानच्या अरबांनी त्यांना हुसकावले. पुढे इंग्रजी अमदानीत गोवेकर कारकून, शिंपी, छायाचित्रकार म्हणून पुन्हा आले. मराठी मुलखाशी जुळणारा आणखी एक धागा आमच्यातील तरुणांनी काढला. जगप्रसिद्ध पाश्चात्त्य गायक फ्रेडी मर्क्युरी हा १९४६ मध्ये येथे एका पारशी कुटुंबात जन्मला आणि शिक्षणासाठी पाचगणीच्या शाळेत राहिला. त्याच्या नावाच्या घरापाशी छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी होती. वडीलधाऱ्यांनी तेवढ्या वेळात समोरच्या ‘दुका’त मिऱ्यांचा भाव विचारून घेतला.

यानंतर वाटाड्याने आम्हांस जेथे नेले तेथे भाव विचारण्याची कोणास इच्छा झाली नाही.

शहराच्या पूर्व भागात एक ख्रिस्ती मंदिर आहे. १८७३ पर्यंत त्या जागेवर माणसांचा बाजार भरत असे. आफ्रिकेच्या अंतर्भागातून धरून आणलेले स्त्रीपुरुष व मुले येथे रांगेने उभी करीत. गिऱ्हाईक दात पाही, दंड चाचपी, चालवून पाही. आपण जनावरांच्या बाजारात पाहतो तेच. बाजार बंद झाला त्याच वर्षाच्या नाताळात मंदिराची कोनशिला बसविली. ज्या झाडास बांधून गुलामांस फटके मारीत, ते झाड जेथे होते असे सांगतात तेथे आज वेदी आहे, आणि फरशीत तांबड्या दगडाचे वर्तुळ आहे. मंदिराबाहेर जमिनीत खोदलेल्या एका चौकोनी खड्ड्यात पाच पाषाणमूर्ती उभ्या आहेत. गळ्यांतून एकच साखळी ओवलेली. ती साखळी मात्र खरी, त्या काळातील आहे. स्वीडनच्या क्लारा सोर्नास या शिल्पकर्तीने १९९८ मध्ये हे स्मारक केले. शेजारच्या इमारतीखाली दोन ठेंगण्या कोठड्या दाखवितात. विक्रीपूर्वी माणसे तेथे कोंडीत असे वाटाडे सांगतात; त्या कोठड्या खरोखर त्या काळच्या की मागाहून बांधलेल्या, यावर अभ्यासकांत मतभेद आहे. पण बाजार होता, यावर मतभेद नाही.

हा बाजार कसा मोडला याच्याशी महाराष्ट्रास परिचित अशा एका माणसाचा संबंध आहे. सर बार्टल फ्रिअर हा १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले त्या सुमारास तेथे इंग्रजांचा अधिकारी होता, आणि पुढे १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर. मुंबईच्या किल्ल्याचा तट त्याच्याच कारकीर्दीत पाडला गेला. १८७३ च्या आरंभी तो विलायत सरकारचा वकील म्हणून सुलतान बरघशकडे आला. सुलतान प्रथम बधला नाही. अखेर इंग्रज वकील जॉन कर्क याने आरमाराने बंदराची नाकेबंदी होईल असे बजावल्यावर जून १८७३ मध्ये तहावर सही झाली व बाजार कायमचा बंद झाला. तथापि बाजार बंद झाला म्हणून गुलामी संपली असे नव्हे. बेटावरील गुलामांस कायद्याने मोकळीक मिळण्यास १८९७ उजाडले.

येथपर्यंत वाटाडा इंग्रज, अरब व आफ्रिकी यांच्याविषयी बोलत होता. आमच्यातील एकाने विचारले, ‘आणि आमचे लोक?’ तो किंचित थबकला. पाहुण्यांस न दुखविणे हा त्याच्या धंद्याचा भाग असावा. मग त्याने जे सांगितले ते आम्ही मागाहून पुस्तकांत पडताळून पाहिले. या बंदराच्या जकातीचा मक्ता १८३५ च्या सुमारापासून दीर्घकाळ जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर जकात बसे आणि गुलामांवर ती डोईमागे बसे. अंतर्भागात जाणाऱ्या तांड्यांस कापड, मणी व तांब्याची तार उधारीने देणारे बहुधा हिंदी सावकार. लवंगेच्या बागा गहाण घेणारेही तेच. कित्येक हिंदी कुटुंबांकडे स्वतःचे गुलाम होते. १८६० मध्ये रिग्बी या इंग्रज वकिलाने ब्रिटिश प्रजा म्हणविणाऱ्या हिंदी रहिवाशांना गुलाम बाळगण्याची मनाई केली आणि हजारो माणसांस मुक्तिपत्रे दिली.

दहाच्या सुमारास गाडीत बसून आम्ही बेटाच्या मध्यभागाकडे निघालो. किझिंबानी व किडिची या भागांत मसाल्याच्या बागा आहेत; शहरापासून अर्ध्या-पाऊण तासाचे अंतर. रस्त्याच्या दोन्ही अंगांस आंबा, फणस, नारळ आणि कसाव्याची शेते. ‘कुडाळहून सावंतवाडीस चाललो आहो’ असे कोणी म्हटले ते अगदी खोटे नव्हते.

बागेतील दोन तास हा दिवसाचा खरा आनंदाचा भाग. बागवान एक पान चुरडून हाती देतो व ओळखावयास सांगतो. परदेशी पाहुणे या खेळात हरतात; आमच्या मंडळीने त्यास फारशी संधी दिली नाही. मिरीचा वेल फणसाच्या बुंध्यावर चढलेला होता. वेलचीची बोंडे झाडाच्या शेंड्यास नव्हे, पायथ्याशी मातीलगत लागतात हे मात्र आमच्यातील दोघा किराणा व्यापाऱ्यांस ठाऊक नव्हते. जायफळाचे फळ चिरून दाखविले, तेव्हा काळ्या बीवर गुंडाळलेली लालभडक जायपत्री पाहून स्त्रिया उद्गारल्या; आपल्याकडे येते ती वाळून पिवळट झालेली. दालचिनीच्या खोडाची साल गोड व तिखट, पण मुळाच्या सालीस कापराचा वास येतो. हळद व आले त्याने जमिनीतून उपटून दाखविले, तेव्हा कंदमुळांचा त्याग केलेल्यांनी दुरूनच नमस्कार केला. त्यावर बागवानाने ‘हे वाळवले म्हणजे चालते ना?’ असे विचारून सर्वांस चकित केले. पूर्वी आलेल्या कोणा गुजराती जैन प्रवाशांनी त्यास हळकुंड व सुंठ यांचा भेद समजावून दिला होता!

व्हॅनिलाच्या वेलापाशी त्याने एक हकीकत सांगितली. हा वेल मूळचा मेक्सिकोचा. परमुलखात त्यास फुले येत, पण शेंग धरत नसे, कारण परागसंयोग करणारे कीटक तेथे नव्हते. १८४१ मध्ये रेयुनियों बेटावरील एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने एका बारीक काडीने फुलातील पडदा उचलून हाताने पराग लावण्याची रीत शोधून काढली. आजही प्रत्येक फूल तसेच हाताने फळवावे लागते. जगातील व्हॅनिलाचा धंदा त्या काडीवर उभा आहे. त्या मुलास मात्र त्यातून संपत्ती मिळाली नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावरही तो दारिद्र्यातच मेला.

आणि मग लवंग. झाड तीस-चाळीस फूट उंच, पाने तकतकीत. पान चुरडले की ओळख पटते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही आपल्या जांभळाची सख्खी भगिनी. दोघींचे कुल एकच. लवंग हे फळ नव्हे, बीही नव्हे. ती उमलण्यापूर्वी खुडलेली कळी आहे. हिरवी कळी गुलाबी होऊ लागली म्हणजे खुडावयाची. चार दिवस उशीर झाला तर फूल उमलते आणि माल गेला. एका झुबक्यातील सर्व कळ्या एकदम तयार होत नाहीत, म्हणून त्याच झाडावर पुनःपुन्हा चढावे लागते. फांद्या ठिसूळ, पडून हातपाय मोडणे येथे नवलाचे नाही. खाली आणल्यावर देठांपासून कळ्या हाताने सोडवावयाच्या, चटयांवर पसरून चार-सहा दिवस उन्हात वाळवावयाच्या, पाऊस दिसला की उचलावयाच्या, पुन्हा पसरावयाच्या. तीन शेर ओल्या कळीची जेमतेम शेरभर लवंग होते. बागेबाहेर एका घरापुढे रस्त्याच्या कडेस अशाच चटया घातल्या होत्या. एक मुलगी पायाने लवंग परतीत होती, आपल्याकडे अंगणात भात परततात तशी.

काकू त्या चटईपाशी बसल्या. मूठभर लवंग हातात घेऊन त्यांनी वाटाड्यास विचारले, ‘त्या काळी या कोण तोडीत असे?’

वाटाड्याने सरळ सांगितले, ‘सकाळी ज्यांचा बाजार पाहिलात, ते.’

तो इतिहास थोडक्यात असा. लवंग मूळची मोलुक्का बेटांची, आणि डचांनी ती तेथेच कोंडून ठेवली होती. १७७० मध्ये पिएर प्वाव्र या फ्रेंच गृहस्थाने रोपे चोरून मॉरिशसला आणविली. तेथून ती रेयुनियोंला आणि एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झांजीबारला आली. ओमानचा सुलतान सय्यद सईद याने या पिकाचे मोल ओळखले, बेटावर ठाण मांडले, आणि प्रत्येक नारळामागे तीन लवंगा लावा, नाही तर जमीन जप्त होईल, असा हुकूम काढला असे सांगतात. शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या लवंगेचा मोठा वाटा येथूनच जाऊ लागला. झाडास फळ धरावयास सहा-आठ वर्षे लागतात आणि कळी खुडावयास असंख्य हात लागतात. हात बाजारातून आले. १८७२ च्या एप्रिलात मोठे वादळ होऊन उंगुजातील बहुतेक झाडे उन्मळून पडली. पेंबा बचावले आणि तेव्हापासून लवंगेत तेच पुढे आहे. गुलामही मग तिकडे नेले गेले.

जेवणाच्या वाटेवर गाडीत जो वाद झाला तो या लेखाचे खरे कारण होय. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा व्यापारांची, म्हणजे कर्मादानांची, यादी आपणांस ठाऊक आहे. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात ती दिली. तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात तिचा उल्लेख केला. त्या यादीत दंतवाणिज्य आहे, म्हणजे हस्तिदंतादिकांचा व्यापार. आणि केशवाणिज्य आहे, ज्याचा अर्थ हेमचंद्राचार्य द्विपाद व चतुष्पाद प्राण्यांची विक्री असा करतात. द्विपाद म्हणजे माणूस. झांजीबारचे जुने हिशेब उघडले तर जकातीच्या मोठ्या बाबी तीन: हस्तिदंत, गुलाम आणि लवंग. यांपैकी दोन वस्तूंस आपल्या शास्त्राने कित्येक शतकांपूर्वीच नावानिशी मनाई केली होती. तिसरी निर्दोष. तीच आपण घेतली.

एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ‘आपल्या लोकांनी गुलाम विकले नाहीत. त्या बेटावर भाटिये होते, खोजे होते, बोहरी होते. आपले फार थोडे. आपण मुंबईच्या बंदरात उतरलेला माल रोकडा देऊन घेतला. पोते कोणी भरले हे पोत्यावर लिहिलेले नसते.’ हे म्हणणे व्यापाऱ्याचे आहे आणि त्यात तथ्य आहे. मालाच्या उगमापर्यंत जाऊन जो शोध घेऊ लागेल त्याची पेढी महिनाभर चालावयाची नाही.

दुसरे म्हणाले, ‘शास्त्रात कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन शब्द एकत्र येतात. स्वतः केले नाही एवढ्याने हिशेब मिटत नाही. उधारी कारितात धरावयाची की नाही? आणि भाव पाहून खूश होणे अनुमोदनात?’

यावर आमच्यातील सर्वांत तरुण सभासदाने १९३७ ची गोष्ट काढली. त्या सुमारास झांजीबारच्या इंग्रजी सरकारने लवंगेची खरेदी व निर्यात एका संघाच्या मक्तेदारीखाली आणली आणि हिंदी व्यापारी उघडे पडले. तेव्हा काँग्रेसने झांजीबारी लवंगेवर बहिष्कार पुकारला. हिंदुस्थान हे या मालाचे फार मोठे गिऱ्हाईक, त्यामुळे मुंबईच्या बाजाराने पाठ फिरवताच तिकडचे सरकार वाकले आणि १९३८ मध्ये तडजोड झाली. ‘म्हणजे आपणांस माल नाकारता येत होता,’ तो म्हणाला. ‘पोत्यावर काय लिहिले आहे हे आपले नुकसान झाले तेव्हा बरोबर वाचता आले. १८७० मध्ये हीच मुंबई होती.’

ज्येष्ठांनी उत्तर दिले नाही. आमच्या मते दोन काळांची तुलना सर्वस्वी न्याय्य नाही. १८७० मध्ये बहिष्कार पुकारणारी संस्था नव्हती आणि बाजारास तसे वळणही नव्हते. परंतु प्रश्न अप्रस्तुत नाही, आणि आपल्या वार्षिक सभेत भाषणे होतात त्यांहून तो अधिक जवळचा आहे. आज आपल्या दुकानांतील काजू कोण सोलते, अभ्रक कोण वेचते, बांगडीच्या भट्टीपुढे कोण बसते, याची विचारणा आता परदेशी गिऱ्हाईक लेखी करू लागले आहे. ते करते म्हणून आपण उत्तरे तयार ठेवतो.

भोजन एका शेतकरी कुटुंबाच्या ओसरीवर होते. आदल्या दिवशी सांगून ठेवल्यामुळे कांदा, लसूण, बटाटा व कसावा वगळून पुलाव, नारळाच्या रसातील पालेभाजी व चपाती मिळाली. चपातीस तेथेही चपातीच म्हणतात. पुलावातील लवंग कोणी बाजूस काढली नाही, हे नमूद करतो. निघताना पुड्यांचे दुकान मांडले जाते. दालचिनी व जायफळ निःशंक घ्यावे. ‘केशर’ म्हणून दाखवितात ते मात्र घेऊ नये. केशराच्या कंदास थंडी लागते, या बेटावर ते होणे नाही. पुडीत असते ते करडईचे फूल.

किडिचीचे १८५० मधील शाही स्नानगृह आम्ही धावते पाहिले. सय्यद सईदने आपल्या इराणी बेगमेसाठी बांधविलेले. भिंतींवर मोर व फुलांचे चुनेगच्ची काम आहे. वटवाघळे पुष्कळ.

दुपारी गाडी आग्नेयेकडे वळली. जोझानीचे अरण्य हे बेटावर उरलेले मोठे जंगल. २००४ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. येथील तांबड्या पाठीची वानरे या द्वीपसमूहाखेरीज जगात अन्यत्र नैसर्गिक रीत्या आढळत नाहीत. शास्त्रज्ञांनी त्यांस नाव दिले आहे जॉन कर्कचे. बाजार बंद करविणारा तोच कर्क. ही वानरे पाने खातात आणि पानांतील विषारी अंश बाधू नये म्हणून चुलीतील कोळसा उचलून चघळतात. माणसास भीत नाहीत. त्यांस कोणी मारीत नाही आणि कोणी खावयास घालू नये असा सक्त नियम आहे. शेजारच्या शेतांत ती नासधूस करतात, यास्तव उद्यानाच्या उत्पन्नातील काही भाग आसपासच्या गावांस दिला जातो. जीवदयेच्या निधीचा हिशेब पाहणाऱ्या आमच्या कोषाध्यक्षांनी ही व्यवस्था वहीत लिहून घेतली. पांजरापोळास देणगी देणे सोपे. वानराने खाल्लेल्या पिकाची भरपाई शेतकऱ्यास देणे अधिक अक्कलहुशारीचे, असा त्यांचा अभिप्राय पडला.

परतताना वाटाड्याने १९६४ विषयी सांगितले, तेही आम्ही विचारले म्हणून. स्वातंत्र्य मिळून जेमतेम महिना झाला होता तोच, १२ जानेवारीस क्रांती झाली. सुलतान पळाला. हजारो माणसे मारली गेली. त्यांत अरब बहुसंख्य, हिंदीही होते. जमिनी व घरे सरकारजमा झाली, एप्रिलात टांगानिकाशी जोडणी होऊन टांझानिया देश निर्माण झाला, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पेढ्या एका पेटीनिशी दारेसलाम, मुंबई वा विलायतेस निघून गेल्या. लवंगेची खरेदी सरकारी महामंडळाकडे गेली. पुढे इंडोनेशियाने लवंगेचे उत्पादन अफाट वाढविले आणि झांजीबारचे पहिले स्थान गेले ते गेलेच. तरीही संबंध तुटला असे नाही. २०२३ मध्ये मद्रासच्या आय.आय.टी.ने परदेशातील आपली पहिली शाखा याच बेटावर उघडली. आपले प्राध्यापक आता तेथे गणकशास्त्र शिकवीत आहेत.

शहरात पोहोचलो तेव्हा सूर्यास्तास तासभर होता. चौविहारवाल्यांचे भोजन उरकले. बाकीची मंडळी फोरोधानीच्या बागेत बंदराच्या कठड्यावर बसली. पोरे पाण्यात सूर मारीत होती, लहान शिडे परतत होती. निरोप घेताना वाटाड्याने दिवसभरात प्रथमच आम्हांस एक प्रश्न केला. त्याच्या मामाची पेंब्यास पंधरा झाडे होती. तुमच्या गावी किरकोळ दुकानात लवंग काय भावाने विकतात, असे त्याने विचारले.

आम्ही सांगितला. त्याने तो शिलिंगांत करून पाहिला, आकडा बरोबर आहे ना म्हणून पुन्हा विचारला, आणि काकूंकडून पेन्सिल मागून घेऊन तो सिगारेटच्या पाकिटाच्या आतील कागदावर लिहून घेतला.

‘मामास दाखवितो,’ तो म्हणाला.